कावळ्याला दिलेला शब्द

कणकवली
१२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप काकीस जितेंद्रचा नमस्कार.

फोनवर तू म्हणालीस, काय सांगायचं ते कागदावर सांग, काकांसारखं. म्हणून पक्षाचं लेटरहेड काढून बसलो आहे. तसंही तुझ्या खाजणवाडीत फोन लागतो तो फक्त फणसाखाली, आणि तिथे उभी राहून तू तीन वाक्यांत मला झाडतेस. कागदावर निदान माझं पुरतं बोलून होईल.

बातमी आनंदाची आहे. कार्तिकात काकांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आपल्या तिठ्यावर त्यांच्या नावाची कमान उभी करायची, असं पक्षाने ठरवलं आहे. 'लोकनेते कै. दत्ताराम ऊर्फ दाजी वायंगणकर स्मृती प्रवेशद्वार'. लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा, पत्र्याला जांभ्या चिऱ्याचा रंग, मधोमध काकांचा हसरा फोटो आणि सोनेरी अक्षरं. काम माझ्याच वर्कशॉपमध्ये होणार, त्यामुळे कुठे हात आखडता घेणार नाही. आमच्या तालुकाध्यक्षांनी मंत्रीमहोदयांची दहा नोव्हेंबर ही तारीखही घेतली. तीन वेळा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला माणूस, आणि तिठ्यावर उतरणाऱ्याला त्यांचं नाव सांगणारं तिथे काही नाही, हे मला फार खुपतं.

कमानीचा एक पाय काकांच्या, म्हणजे आता तुझ्या, जागेत येतो. त्यासाठी तुझी सही हवी. आणि त्या दिवशी तू स्टेजवर हवीस. बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं आणि शाल घ्यायची.

एक खाजगी सांगतो. निवडणूक कधीही लागेल. काकांच्या जागेसाठी अध्यक्ष माझं नाव घेतायत. ते काकांचा पुतण्या म्हणून घेतायत, माझ्या कर्तृत्वाने नाही, हे मला कळतं. म्हणूनच हा कार्यक्रम नीट व्हायला हवा.

पाय सांभाळ, पावसात भरल्या व्हाळाकडे जाऊ नकोस.

तुझा,
जितेंद्र


मु. खाजणवाडी, मार्गे मिठबाव
२० ऑगस्ट २०२५

चि. जितेंद्रास काकीचे आशीर्वाद. ते आधीच देऊन ठेवते, कारण पत्र संपेपर्यंत द्यावेसे वाटतील की नाही, सांगता येत नाही.

तुझं पाकीट पोस्टमन तिठ्यावरच्या दुकानात ठेवून गेला. तो व्हाळ ओलांडत नाही, आणि मी त्याला बोल लावत नाही. शेजारचा बाबली ते टोपीत घालून छातीइतक्या पाण्यातून घेऊन आला. तुझ्या लोकनेत्याचा 'लो' तेवढा भिजला. बाकी सगळं वाचता आलं, दुर्दैवाने.

व्हाळाकडे जाऊ नको म्हणतोस. मेल्या, व्हाळ सोडून या वाडीला दुसरी वाट कुठे आहे?

तुला एक आठवण करून देते, कारण तुझ्या पत्रात ती कुठेच दिसली नाही. आम्हांला मूल नाही. ह्यांना अग्नी तू दिलास. दहाव्याला व्हाळाच्या काठी पिंडही तूच ठेवलास. कावळे समोरच्या आंब्यावर बसून होते आणि एक खाली येईना. मी म्हटलं, माझी काळजी करू नका, मी खंबीर आहे. कावळा हलला नाही. तुमच्या अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं की दाजींचा वारसा आम्ही पुढे नेऊ. कावळ्याने मान फिरवून दुसरीकडे बघितलं, सगळ्या गावाने ते पाहिलंय. मग तू पुढे झालास. समोर पलीकडे जायचा साकव नव्हता, त्याचे दोन चिऱ्याचे खांब तेवढे पाण्यात उभे होते. आधीच्या पावसात फळ्यांसकट सगळं वाहून गेलेलं, आणि तुझे काका अंथरुणावरून रोज मला विचारायचे, साकवाचं काही झालं का. तू त्या खांबांकडे बघितलंस आणि म्हणालास, "काका, व्हाळार साकव वर्साच्या आत उभो करतंय."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला.

मी त्या दिवशी रडले ती ह्यांच्यासाठी नव्हे. मला वाटलं, चला, पोर ह्यांच्यावर गेलंय.

आता नऊ महिने झाले. जुलैत बाबलीच्या सुनेला, नम्रताला, दिवस भरलेले असताना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी व्हाळापार नेलं. ती खुर्चीचे हात धरून देवाचं नाव घेत होती आणि मी अलीकडे उभी राहून तुझं घेत होते. आणि तू मला काय देतोस, तर कमान. ज्या वाडीत जायला वाट नाही, तिच्या वेशीवर कमान. वर चिऱ्याचो रंग दिलेलो पत्रो! पायाखाली सगळो चिरोच आसा रे, आणि तुका तो रंगान काढूचो लागता?

सही देणार नाही. साकव दे, मग बघतंय.

चतुर्थीला मात्र ये. गणपतीशी माझं भांडण नाही.

काकी


कणकवली
३ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप काकीस,

चतुर्थीला देवासमोर तू विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. तरी तू मला जे दाखवायचं ते दाखवलंसच. बाबलीच्या डोक्यावर पाट, पाटावर गणपती, कमरेच्या वर पाणी, आणि मी बाजूने पाटाला हात लावून चाललेलो. एका ठिकाणी बाबलीचा पाय घसरला तेव्हा मी पाट दोन्ही हातांनी धरला. ते मी विसरलेलो नाही, आणि विसरेन असं समजू नकोस.

पण काकी, तुला सरकारी कामाची रीत ठाऊक नाही असं थोडंच आहे? काकांची सगळी पत्रं तूच लिहायचीस. साकवाचा प्रस्ताव मी दिला आहे. तो कोणत्या खात्यात बसतो, यावर अडला आहे. एकजण म्हणतो रस्त्यात येतो, दुसरा म्हणतो पाण्यात येतो. कमान लोकवर्गणीची आहे, तिला कोणाला विचारावं लागत नाही. एक होतंय ते दुसऱ्यासाठी अडवायचं कशाला?

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. तुझा राग कमानीवर नाहीच. शेवटच्या वेळी पक्षाने काकांचं तिकीट कापलं, तो राग आहे. तो मलाही आहे. पण ज्यांनी कापलं, तेच आज त्यांच्या नावाला हार घालायला येतायत. हाच काकांचा विजय नाही का? आज आपण ही श्रद्धांजली नाकारली, तर उद्या त्यांचं नाव घेणारं कोण राहील? लोक फार लवकर विसरतात. मी रोज बाजारात बघतो.

आणि कावळ्याचं म्हणशील, तर दुःखात माणूस काहीतरी बोलून जातो. ते काय ठरावात लिहिलेलं नसतं. कावळ्याला भूक लागली असेल, तो आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

सही पाठव. मी तुझ्याकडे हट्ट कधी केला नाही, हा एकच करतो.

जितेंद्र


खाजणवाडी
१५ सप्टेंबर २०२५

चि. जितेंद्र,

पितृपक्ष चालू आहे. वाडीत घरोघरी म्हाळ आहेत, वडे आणि खिरीचा वास सुटलाय. ह्यांचा म्हाळ यंदा घालता येत नाही, वर्षश्राद्ध झाल्याशिवाय चालत नाही. म्हणून मी रिकामी आहे, आणि तुला सविस्तर लिहायला मला वेळ आहे.

तिकिटाचा राग! ज्या दिवशी तिकीट कापल्याचं कळलं, त्या दिवशी तुझे काका जेवून दोन तास शांत झोपले. उठल्यावर म्हणाले, "सुभद्रा, आता कोणी माका साहेब म्हणूचा नाय, सुटलंय." मी त्या दिवशी तांदळाची गोड बोरं केली होती. तो राग मी कशाला सांभाळून ठेवू?

तू त्यांच्याबरोबर वाढलास, पण लहान होतास, काही गोष्टी तुला ठाऊक नसतील. तुझ्या काकांना लोक मागून 'बघतंय दाजी' म्हणायचे. कोणी काहीही मागायला आला की ते म्हणायचे, "बघतंय." बघतो म्हणायचे, करतो नाही. विहीर पाहिजे? बघतंय. शाळेचं छप्पर? बघतंय. समोरचा चिडायचा. दुसऱ्या पक्षाचे लोक सभेत नक्कल करायचे. मीच एकदा वैतागून म्हटलं, अहो, एकदा तरी 'करतंय' म्हणा, मतं वाढतील. तर म्हणाले, करतंय म्हटला की तो माणूस घरी जाऊन निजता. तो माझ्या जिवार निजता. उद्या माझ्या हातून झाला नाय, तर तेची झोप मी चोरली. म्हणून ते 'करतंय' म्हणायचे ते चिरे गाडीतून उतरल्यावर. त्या व्हाळावरच्या साकवाला त्यांना चार वर्षं लागली, आणि चार वर्षं ते नुसतं 'बघतंय' म्हणत होते. साकव झाला तेव्हा लोकांनी दगडावर नाव कोरून आणलं होतं. त्यांनी ते बसवू दिलं नाही. साकवार चालताना नजर पायाकडे व्हयी, म्हणाले, माझ्या नावाकडे बघत कोण पडलो म्हणजे?

असा माणूस. आणि त्याच्या पिंडासमोर उभं राहून, आयुष्यात त्याने जो शब्द जपून वापरला तो तू वापरलास. करतंय. कोणी तुला जोर केला नव्हता. मतदाराला दिलेला शब्द तुम्ही लोक मोडता, आम्ही ऐकून घेतो, सवय झाली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि आम्ही भुरके मारतो. पण हा शब्द तू मेलेल्या माणसाला दिलायस. त्याने तो खरा मानला आणि गेला. आता तो तुझ्याकडे मागायला येऊ शकत नाही. म्हणून मी मागतेय. मला तुझी लाज वाटते, जितेंद्र, आणि तुझ्यावर माया आहे म्हणून जास्त वाटते.

भूक लागली असेल म्हणतोस. ठीक. मग त्या भुकेवरच सोडूया. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरी तू श्राद्धाला बस, मी आडकाठी करणार नाही. पण कावळ्याचं पान अंगणात ठेवायचं नाही. ते मी घेऊन तिठ्यावर येईन आणि तुमच्या कमानीखाली ठेवीन. मंत्री असोत, अध्यक्ष असोत. कावळा शिवला, तर ह्यांना कमान पसंत आहे असं मी समजेन आणि मागाहून सहीही देईन. नाही शिवला, तर तुमचं तुम्ही बघा.

काकी


कणकवली
१० ऑक्टोबर २०२५

काकी,

तुझ्या सहीची गरज उरली नाही. कमानीचा पाय रस्त्याच्या पलीकडे सरकवला आहे, ग्रामपंचायतीच्या जागेत. सांगाडा तयार झाला, पुढच्या आठवड्यात उभा राहील.

सोबत पत्रिका आहे. निमंत्रकांत तुझं नाव पहिलं आहे, ते मी अध्यक्षांशी भांडून टाकलं आहे.

हात जोडून एक मागतो. पान घेऊन येऊ नकोस. मंत्र्यांसमोर म्हातारीने तमाशा केला असं लोक म्हणतील, तुला म्हणतील ते मला सहन होणार नाही. आणि माझं तिकीट जाईल. हे दुसरं कारण लिहायला नको होतं, पण तू खोटं पकडतेस.

जितेंद्र


खाजणवाडी
१७ ऑक्टोबर २०२५

चि. जितेंद्र,

पत्रिका मिळाली. कागद जाड आहे, डब्याखाली घालायला बरा.

येते. पान घेऊन येते.

काकी


बांदा
१४ नोव्हेंबर २०२५

चि. जितेंद्र,

मी बांद्याला बहिणीकडे, आनंदीबाईकडे आले आहे. खाजणवाडीत पाय ठरेना. ह्यांचं वर्षश्राद्ध अपुरं राहिलं, आणि रोज त्या व्हाळासमोर उठायचं, ते जमलं नाही. लोकांना सांगितलं, बहिणीचे गुडघे दुखतात. ते खरंच दुखतात, पण मी त्यासाठी आले नाही.

तू पळालास. मला जे सगळ्यात लागलं ते हेच. मंत्र्यांचं मला काही नाही.

सकाळी घरी श्राद्धाला बसलास तेव्हा नीट बसलास. मग मी पान उचललं, साडी खोचली आणि व्हाळातून तिठ्यावर आले. स्टेजखाली पोचले तेव्हा काठापासून गुडघ्यापर्यंत सगळी साडी भिजलेली. मंत्र्यांनी विचारलं, आजी, पडलात का कुठे. मी म्हटलं, नाय, चालत इलंय. त्यांना कळलं नाही, अध्यक्षांना कळलं. मी कमानीखाली पान ठेवलं, भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, ह्यांना आवडायची तशी. तू माइक धरून उभा होतास, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची सूचना करत होतास. तू माझ्याकडे बघितलंस, मग वर कमानीकडे बघितलंस, मग माइक खाली ठेवून स्टेजवरून उतरलास आणि सगळ्यांसमोर पाठ फिरवून चालू पडलास. मी म्हटलं, गेला तोंड लपवायला.

पुढे काय झालं ते तुला पक्षाच्या लोकांनी त्यांच्या सोयीने सांगितलं असेल, म्हणून मी सांगते.

कावळे आले. भरपूर आले. ते कमानीवर बसले. एक तर बरोबर ह्यांच्या फोटोच्या डोक्यावर. खाली कोणी येईना. दोन मिनिटांची स्तब्धता संपली तरी लोक बसले नाहीत, सगळे वर बघत उभे. मग अध्यक्ष पुढे आले, म्हणाले, दाजींच्या आदर्शावर चालू. कावळा ढिम्म. तेव्हा मंत्री स्वतः खाली उतरले. त्यांना आधी गंमत वाटली होती, मग वाटेना, कारण गाव हसत नव्हतं. त्यांनी पानासमोर हात जोडले आणि म्हणाले, तुमच्या वाडीला साकव देतो. कावळा तसाच. दवाखान्यात कायमची नर्स देतो. तसाच. तिठ्यापासून समुद्रापर्यंत रस्ता डांबरी करतो. एका कावळ्याने कमानीवर घाण केली, तेवढंच उत्तर.

शेवटी भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववूया, शास्त्रात सोय आहे. अध्यक्ष लगेच म्हणाले, करा, करा. मी पान उचललं. म्हटलं, "दर्भाचो कावळो नको. आयुष्यभर ह्यांका तुम्ही दर्भाचेच कावळे दाखवलात. मेल्यार तरी खरो येवंदे."

एवढं बोलले आणि पान घेऊन परत व्हाळात उतरले. कोणी अडवलं नाही. मागून गाव उतरलं, बाबली, नम्रता, सगळे. स्टेजवर नेते आणि शालींचा गठ्ठा राहिला, असं म्हणतात. मी वळून बघितलं नाही.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. मी आता म्हातारी झाले. पुढच्या कार्तिकापर्यंत असेन की नाही ठाऊक नाही. ह्यांचं पान असंच न शिवलेलं राहिलं, तर वर गेल्यावर मी काय तोंड दाखवू? पण म्हणून मी खोट्या कावळ्याला हात लावू देणार नाही. थांबेन.

उत्तर द्यायचं असेल तर दे. नसेल तर राहू दे.

काकी


खाजणवाडी
२ डिसेंबर २०२५

काकीक जितेंद्राचो नमस्कार.

आज लेटरहेड नाय. बाबलीच्या थोरल्या नातवाच्या वहीचो कागद आसा, आणि भाषा पण आपलीच लिवतंय. त्या दुसऱ्या भाषेत माका खोटा लवकर सुचता.

तू म्हणतंस पळालंय. पळाक नाय, काकी. व्हाळात गेल्लंय.

तू भिजलेल्या साडीन कमानीखाली वाकलंस, आणि मी वर बघितलंय. तो वरचो आडवो बीम माझ्या हातचो. दोन बाजूंक जाळी, मधी माणूस चालात इतकी रुंदी, कारण मंत्र्यासमोर वाऱ्यान हलता नये म्हणून अध्यक्षांनी डबल करूक सांगलेली. ती कमान मी महिनोभर बघत होतंय आणि माका ती कमानच दिसत होती. त्या घडयेक माका ती आडवी दिसली. माइक ठेवलंय, थयसून तसोच व्हाळात उतरलंय, आणि काकांच्या दोन चिऱ्याच्या खांबांमधला अंतर हातान मोजलंय. बीम हातभर जास्तच आसा.

माका हसाक पण इला आणि रडाक पण. पाण्यात उभो रवान दोन्ही केलंय. तवसर थंय तुझो आणि कावळ्यांचो कार्यक्रम चालू होतो, तो माका तुझ्याच पत्रातसून कळलो.

मंत्री गेल्यार अध्यक्ष माझ्यार धावन इले. मी म्हटलंय, कमान उतरवतंय. ते म्हणाले, पक्षाची आसा. मी म्हटलंय, लोकवर्गणीची आसा, लोकांक विचारूया. तिठ्यार सगळ्यांका बोलावलंय, ज्यांनी वर्गणी दिलेली त्या सगळ्यांका. एकच विचारलंय, "कमान उभी व्हयी काय आडवी?" पयल्यांदा कोणाक समाजला नाय. मग नम्रता पोराक काखेत घेवन पुढे इली आणि म्हणाली, आडवी. मग सगळेच म्हणाले.

पत्रो सोलून काढलो. चिऱ्याचो रंग दिलेलो पत्रो आता बाबलीच्या कोंबड्यांच्या खुराड्यार आसा. बीम काकांच्या खांबांर आडवो घातलो, कमानीच्या दोन पायांचो कठडो केलो, वर फळ्ये ठोकले. खांब जरा पण हलले नाय. तुझ्या घोवान चार वर्सा लावून केलेला काम ता.

सोन्याची अक्षरा तेवढी ऱ्हवली. ती बीमाक वेल्डिंग केलेली, घासून काढूक मशीन लावलंय आणि माझो हात थांबलो. काकाचा नाव घासूचा, माका जमला नाय. मगे बीम असो फिरवून बसवलो की अक्षरा खालच्या अंगाक गेली. वर चालणाऱ्याची नजर पायाकडेच ऱ्हवतली, काकाक व्हयी तशी. नाव दिसात ता पाण्यात उतरून चालणाऱ्याक. म्हणजे पुढे कोणी साकव मोडूक दिलो आणि लोकांक परत व्हाळात उतरवल्यान, तर तेंका पयलो काका दिसतलो.

तिकीट गेला. पक्षातला माझा पद पण गेला. चार दिवस वायट वाटला, खोटा कशाक सांगू. पाचव्या दिवशी पोरा शाळेत जाताना साकवार धावत गेली, तेंच्या पायांचो आवाज ऐकलंय, आणि माका झोप लागली.

शब्द वर्साच्या आतलो होतो. उशीर झालो. तेचो काय दंड तो तू सांग.

पान घेवन ये. साडी खोचूक नको.

जितेंद्र


खाजणवाडी
११ डिसेंबर २०२५

चि. जितेंद्रास काकीचे आशीर्वाद. या वेळी ते शेवटपर्यंत टिकतील.

काल परत आले, तू कणकवलीला गेलेलास. तिठ्यावर उतरले, साकवापर्यंत चालत आले आणि अलीकडेच थांबले. बाबली म्हणाला, चल गो, घट आसा. मी म्हटलं, घट आसा ता माका म्हायत आसा, माका जरा बघू दी. मग आले.

आज सकाळी भटजींना बोलावून पान केलं. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी. साकवाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलं. हात जोडायला म्हणून मी मागे सरले, अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात तो आला. एकटाच. वडा उचलला आणि कठड्यावर बसून खाल्ला, आमच्याकडे बघत, अगदी सावकाश. तुझे काका असेच जेवायचे. मी मनसोक्त रडले, आणि या वेळी त्यांच्यासाठी रडले.

तुझा दंड. पुढल्या चतुर्थीपासून गणपतीचा पाट तुझ्या डोक्यावर. बाबली आता म्हातारा झालाय.

निवडणुकीला उभं राहायचं की नाही, ते तू ठरव. तिकिटाशिवाय माणूस उभा राहू शकतो, तुझ्या काकांनी पहिली निवडणूक तशीच लढवली होती. कोणी काही मागितलं तर 'करतंय' म्हणू नकोस. बघतंय म्हण आणि बघ.

आणि एक काम आहे. मंत्र्यांनी त्या दिवशी पानासमोर उभं राहून नर्स देतो म्हटलंय, डांबरी रस्ता देतो म्हटलंय. साकव आपण केला, तो त्यांना सोडला. बाकीचे दोन शब्द त्यांनी ह्यांना दिलेत आणि ते सगळ्या गावाने ऐकलेत. त्यांचा बंगला कुठे आहे ते मला शोधून कळव. रस्ता तेवढा विचारून ठेव, बाकी तयारी माझी. परड्यात केळीची पानां बक्कळ आसत.

काकी